आधी वरचा बोल्ट

"दादा, हे अक्षर तुमचंच न्हवं?"

बाईनं पिकअपचं ड्रायव्हरकडचं दार उघडून धरलं होतं. दाराच्या आतल्या कडेला एक पिवळा स्टिकर होता. 'गिअर ऑईल बदलले', खाली तारीख, किलोमीटर आणि माझ्या गॅरेजचं नाव. अक्षर निळ्या बॉलपेनचं. 'ल' काढताना मी शेपटीला उगाच एक गाठ मारतो, त्यापायी चौथीत गुरुजींचा मारही खाल्लाय. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"माझंच," मी म्हणालो.

"मग ते ऑईल तुम्हीच काढा. आणि काढताना मी हितंच बसणार."

गाडी तिच्या भावानं चालवत आणली होती. "बाजार करून येतो, ताई," म्हणून तो सटकला आणि गॅरेजात आम्ही दोघं आणि ती गाडी उरलो. पाठीमागच्या लाकडाच्या वखारीत मशीनची करवत चालू होती, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागत होतं.

गाडी आत वळतानाच मी ओळखली होती. पुढचं तोंड नवं बसवलं होतं, पण मागच्या फळीवरचा निळा मोर तोच होता आणि त्याचा पुसलेला डोळाही तोच. ही गाडी आंबोली घाटात डोंगराला धडकली आणि चालवणारा जागीच गेला, हे मी दीड वर्षापूर्वी आजऱ्याच्या स्टँडवर ऐकलं होतं. त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठलो होतो. ती गाडी परत कधी माझ्या दारात येईल असं मला वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं म्हणजे, रोज वाटत होतं.

"तुमचं नाव काय, ताई?"

"शेवंता. निवृत्ती सुताराची बायको."

बायको म्हणाली. दीड वर्षानंतरही.

"गाडी विकायची आहे काय?"

"न्हाई. माझा भाऊ चालवंल. पर मी त्यापायी न्हाई आले." ती स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि पाठ करून आल्यासारखं बोलायला लागली. "पंचनाम्यात लिवलंय, गिअर न्यूट्रलला हुता आणि केबिनात फुटकी बाटली घावली. म्हंजे पिऊन, न्यूट्रल करून सोडली गाडी उतारावर. माझा माणूस पीत नव्हता, दादा. पर कोण ऐकतंय? मामंजी माळकरी. त्यांनी पोटच्या पोराचा फोटो भिंतीला लावू दिला न्हाई. आता म्हाळ आलाय तर म्हणत्यात, दारू पिऊन मेला त्येचं पान मांडायचं न्हाई."

पितृपंधरवड्यातल्या जेवणाला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. घरातून गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं त्या दिवशी एक पान वाढतात. कुणी कितीही वाईट असो, पान चुकवत नाहीत. ज्याचं पान नाही, तो त्या घरचा कुणीच नाही.

"मग मी काय करायचं?"

"त्यांनी दोन-चारदा मला सांगितलं हुतं, दुसरा गिअर उतारावर आपसूक सुटतोय, गुडघा लावून धराय लागतोय. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, गिअरात काय झालंय ते ऑईलात दिसतं. तुम्ही बघा आणि सुटत हुता का तेवढं मामंजींना येऊन सांगा. जोती मिस्त्रीचा शबुद ते मोडायचे न्हाईत. आमच्या गावात समदी तुमचंच नाव घेत्यात."

जोती मिस्त्रीचा शब्द!

गिअर ऑईल बदलणं म्हणजे म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम. गिअरबॉक्सला दोन बोल्ट. खालचा काढला की जुनं ऑईल घमेल्यात पडतं. वरचा काढून त्या भोकातून पिचकारीनं नवं भरायचं, भोकाच्या काठाशी आलं की थांबायचं. पण माझ्या कोल्हापूरच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी कानशिलात देऊन शिकवलं होतं, आधी वरचा बोल्ट. वरचा सुटतोय याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. कारण खालून सगळं सांडलं आणि वरचा अडकला, की गाडी कोरडी पडते आणि तुम्ही तिच्यासकट अडकता. वीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता.

त्या दिवशी मोडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला एकच घाई झाली होती, की ते ऑईल बाईनं बघायच्या आत पिंपात ओतायचं. मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो, घमेलं लावलं आणि सरळ खालचा बोल्ट फिरवला.

गिअर ऑईल जुनं झालं तरी धारेनं पडतं. हे पडलं काकवीसारखं, जड, काळं, मध्येच गोळा आणि मध्येच धार. बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्याच्यावर लोखंडाच्या चुऱ्याची दाढी वाढली होती. गोळ्यात काय आहे ते मला बघायची गरज नव्हती. मी घमेलं उचलायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," ती वरून म्हणाली. खड्ड्याच्या काठावर येऊन ती उकिडवी बसली होती. "पयलं नवं भरा."

मी वरच्या बोल्टाला पाना लावला. तो हलला नाही. पान्याला पाइप अडकवून जोर दिला, तर बोल्टाचं डोकंच गोल झालं आणि पाना सटकून माझी बोटं सोलली. तो बोल्ट मीच आवळला होता, पावणेदोन वर्षांपूर्वी, असाच पाइप लावून. कुणी परत उघडूच नये अशा बेतानं आवळला होता.

"काय झालं?"

"बोल्ट अडकला. त्याच्यावर नट वेल्डिंग करून काढावा लागेल."

मी वेल्डिंगची वायर ओढली आणि लाईट गेली. वखारीतली करवत किंचाळत किंचाळत उतरली आणि बंद पडली. दुपारचे दोन वाजले होते. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग दोन ते चार.

"चारला येईल," मी म्हणालो.

"बसते की. मला कुठं जायचंय?"

मग आम्ही बसलो. करवत थांबल्यावर इतकं शांत झालं, की गिअरबॉक्समधून पडणारा थेंबन् थेंब ऐकू येत होता. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग टप्प. ती त्या आवाजाकडे कान लावून बसली होती. मला ते सहन होईना. पाणी आणायच्या निमित्तानं मी उठलो आणि नळावर तोंडावर पाणी मारत पाच मिनिटं उगाच उभा राहिलो.

परत आलो तर बाई खड्ड्यात उतरली होती. घमेल्यात कोपरापर्यंत हात. तिनं एक गोळा उचलला, काठावर पडलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि भाकरी थापावी तसा थापला. कागदानं तेल पिऊन घेतलं. वर राहिलं ते तिनं अंगठा आणि बोटात धरून चोळलं.

"भुसा हाय," ती म्हणाली. "लाकडाचा भुसा. गिअरात भुसा कशाला, दादा?"

"क्लचप्लेटचा चुरा असतो तो, ताई. जुन्या गाड्यांत—"

"सुताराच्या घरात जल्मले, सुताराच्या घरात दिली. भातातनं भुसा खाऊन थोर झाले. मला नका शिकवू." तिनं चिमूट नाकाशी नेली. "ह्यो सागवान. आणि हातकरवतीचा न्हवं, त्यो जाडा पडतो. ह्यो पिठागत हाय. मशीनचा."

कागद मांडीवर घेऊन ती तशीच खड्ड्याच्या पायरीवर बसून राहिली. माझा नवरा भुशाला कंटाळला होता, असं मध्येच एकदा म्हणाली. अंथरुणात भुसा, पोराच्या डोक्यात भुसा, म्हणून रंधा-वाकस माळ्यावर टाकून त्यानं गाडी घेतली, आठवड्यातनं दोनदा भाजी भरून सावंतवाडी धरली. हे ती मला सांगत होती की स्वतःला, कळत नव्हतं.

चारला लाईट आली. मागच्या वखारीत करवत पुन्हा किंचाळायला लागली. शेवंतानं हळूहळू मान वळवली. माझ्या मागच्या पत्र्याला भोकं आहेत. त्यातून उन्हाच्या रेघा आत येत होत्या आणि रेघांमध्ये पिवळा भुसा तरंगत होता. माझ्या पान्यांवर, टेबलावर, स्टुलावर रोज तो बसतो. कागद घेऊन ती वर आली आणि तिनं टेबलावरून बोट फिरवलं. बोट बघितलं, हातातला कागद बघितला. मग दाराशी गेली आणि स्टिकरवरची तारीख वाचली.

"ह्येच्या दोन दिसांनी गाडी आमच्या घरात आली," ती म्हणाली.

"मीच टाकला," मी म्हणालो.

"मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"लाईट आल्यापासनं."

मग मी सगळं सांगितलं. जुन्या गाड्यांचा एक एजंट होता, सर्जा नावाचा. तो माझ्याकडे कामामागून काम आणायचा. ही गाडी घेऊन आला तेव्हा गिअरबॉक्स रडत होता, खोलून नवी बेअरिंग घालायला हवी होती. सर्जा म्हणाला, "मुका कर फक्त. गिऱ्हाईक परवा बघायला येतंय." रडणाऱ्या गिअरबॉक्समध्ये दोन मुठी बारीक भुसा टाकला की आवाज दबतो. दोन-अडीच हजार किलोमीटर गाडी मुकी राहते. मग भुशाचा चिखल होतो, आतलं सगळं कोरडं पडतं आणि गिअर सुटायला लागतो. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते आणि आपण कधीच केली नाही असंही सगळे सांगतात. मी एकदाच केली. वर नवं ऑईल बदलल्याचा स्टिकर लावून दिला. गिऱ्हाईक गाडी कुठं चालवणार, हे मी सर्जाला विचारलं नाही.

सांगून झालं. तिच्या हाताजवळ माझी मोठी हातोडी पडली होती. तिनं तिच्याकडे बघितलं, मीही बघितलं. तिनं उचलली असती तर मी जागचा हललो नसतो, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं.

"चला," मी म्हणालो. "आत्ताच येतो. तुमच्या सासऱ्यांना सांगतो, पोलिसांतही सांगतो. जे व्हायचं ते होऊ दे."

हे बोलल्याबरोबर दीड वर्षात पहिल्यांदा मला छाती भरून श्वास घेता आला.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"भुसा हुता, गिअर सुटत हुता, एवढंच सांगायचं. कुणी टाकला ते न्हाई सांगायचं."

"का?"

"तुम्ही टाकला म्हणालासा, की तुमच्या शबुदाला काय किंमत ऱ्हायली? लबाड माणसाची साक्ष कोण धरतंय? मामंजी म्हणतील, सुनंनं शिकवून आणलाय ह्येला. मला जोती मिस्त्री पायजे. नावाजलेला. चांगला माणूस." शेवटचे दोन शब्द तिनं माझ्या डोळ्यांत बघून म्हटले.

माझा श्वास पुन्हा होता तिथं जाऊन बसला.

"आणि ती बाटली? ते बाटलीचं विचारतील," मी म्हणालो.

ती स्टुलावर बसली आणि हातातल्या कागदाची घडी घातली.

"ती मी दिल्याली. रिकामी. मामंजींचं गुडघं धरत्यात. काजूची दारू चोळली की उतरतंय म्हणून सावंतवाडीसनं आणा म्हटलं. माळकऱ्याच्या घरात दारू कशी आणायची, म्हणून त्यांच्यापास्नं चोरून. तेल म्हणून चोळायचे. पयल्या खेपेचा वास हुता बाटलीला." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "दीड वरीस झालं, माझ्या तोंडातनं निघत न्हाई. सांगितलं आणि त्यांनी मला भाईर काढलं, तर पोराला घेऊन जाऊ कुठं?"

मग ती उठली. हात पदराला पुसणार होती, पण थांबली आणि माझ्या चिंधीला पुसले.

"बाटली ब्रेक ऑईलची हुती म्हणा. मिस्त्री म्हणाला की मानतील."

मी नट वेल्ड केला. बोल्ट कुरकुरत सुटला. पिचकारीनं नवं ऑईल भरलं, मधाच्या रंगाचं. भोकाच्या काठाशी थेंब आला तेव्हा ती वाकून बघत होती.

"ह्यात भुसा न्हाई न्हवं, मिस्त्री?"

"न्हाई," मी म्हणालो. त्यानंतर तिनं मला कधीच दादा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्राचा कागद घेऊन मी तिच्या गावाला गेलो. म्हातारा सोप्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. गळ्यात माळ, तोंडात दात नाहीत. मी कागद उलगडून दाखवला. त्यानं सुताराच्या बोटांनी भुसा चोळला आणि तोही सुनेसारखाच म्हणाला, "सागवान." मी गिअर कसा सुटतो ते समजावलं. उतारावर गाडी न्यूट्रल होते, मग नुसत्या ब्रेकवर किती तग धरणार, तेही सांगितलं.

"म्हंजे पोरगं शुद्धीत हुतं?"

"होतं, तात्या. शेवटपर्यंत गिअर धरायला बघत असणार."

"आणि बाटली?"

"ब्रेक ऑईलची. जुन्या गाडीत ठेवावीच लागते."

म्हाताऱ्यानं भुशाची चिमूट परत कागदावर ठेवली. मग त्यानं विचारलं, "कुणी केलं ह्ये?"

मी तोंड उघडलं. आतल्या दाराच्या चौकटीला ती टेकून उभी होती. पाच-सहा वर्षांचा मुलगा तिच्या पदराशी. तिनं मानही हलवली नाही, नुसती बघत राहिली.

"विकणाऱ्यानं," मी म्हणालो.

"त्येचं वाटुळं हुईल."

"होईल, तात्या."

आणि मग त्या म्हाताऱ्यानं भिंतीला धरून उठून, वाकून माझ्या पायाला हात लावला. ऐंशीच्या घरातला माळकरी. मी मागं सरकेपर्यंत हात लागला होता. "माझं पोरगं परत दिलंसा," तो रडत म्हणाला. मग माळ्यावरून पोराची हातोडी काढायला लावली आणि स्वतःच्या हातानं भिंतीत खिळा ठोकला.

त्या वर्षी म्हाळाला निवृत्तीचं पान मांडलं गेलं. मला बोलावणं आलं. न जाऊन कसं चालेल? माझं पान बरोबर फोटोखाली होतं. तांदळाची खीर, वडे, गवारीची भाजी. वाढायला शेवंता. खिरीची पळी माझ्या पानावर धरून ती म्हणाली, "पोटभर जेवा, मिस्त्री."

दरवर्षी हेच. तीच जागा, तेच वाक्य. मी एकदा तापाचं कारण सांगितलं तर तिचा भाऊ पिकअप घेऊन न्यायला आला, त्याच पिकअपमधून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचारा. रात्री झोपेत मला घाट दिसत नसे, अपघात दिसत नसे. मला फक्त थेंब ऐकू यायचा. टप्प. मग बराच वेळ काही नाही.

म्हातारा गेल्यावर मी तिला मागच्या दारी गाठलं. म्हटलं, "आता तरी बोलू द्या. पोराला सांगतो."

"पोरगं बापाचं नाव गाडीवर रंगवून हिंडतंय," ती भांडी विसळत म्हणाली. "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून ते बी पुसू व्हय?"

मी मनात म्हटलं, या बाईनं माझं तोंड शिवून टाकलंय. वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. मी सांगायला तयार आहे, ही सांगू देत नाही. या एका वाक्यावर मी बावीस वर्षं काढली.

या चैत्रात शेवंता गेली.

म्हाळाच्या आधी तिचा मुलगा विनायक त्याची स्वतःची पिकअप घेऊन गॅरेजला आला. "काका, गिअर ऑईल बदलून टाका. आईनं सांगून ठेवलंय, मिस्त्रींशिवाय कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. आणि म्हाळाला यायचं. ती म्हणायची, दुसरं कोण न्हाई आलं तरी चालंल, मिस्त्री पायजेत."

मी खड्ड्यात उतरलो. आधी वरचा बोल्ट सैल केला.

म्हाळाला गेलो. भिंतीवर आता निवृत्तीशेजारी तिचा फोटो होता. दोघांची पानं वाढलेली, माझं त्यांच्या खाली. बाकीचे जेवून उठले होते. विनायक खिरीचं पातेलं घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"काका, एक विचारू? लहानपणापासनं डोक्यात हाय, आईसमोर धीर झाला न्हाई." त्यानं बापाच्या फोटोकडे बघितलं. "भुसा कुणी टाकला आसंल?"

दाराच्या चौकटीत कुणी नव्हतं. मी तिकडे बघितलं, सवयीनं. मग वर तिच्या फोटोकडे बघितलं. पोरगा शांतपणे वाट बघत होता. त्याच्या मनात काही नव्हतं. मला अडवणारं त्या घरात, त्या गावात, या जगात आता कुणीही नव्हतं.

"विकणाऱ्यानं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पळी माझ्या पानावर धरली.

"पोटभर जेवा, काका."

मी जेवलो.